अल्गॉन्क्विनमध्ये दहा दिवस: शिधा किती, सामान किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरांटोजवळच्या मिसिसॉगाची दोन जोडपी जुलैच्या शेवटी कॅनडाच्या ऑन्टारिओतल्या अल्गॉन्क्विन पार्कात दहा दिवस, नऊ रात्री कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद, हलक्या होडीने, फिरणार आहेत. चौघांपैकी दोघे पूर्ण शाकाहारी. आजवरचा अनुभव एक-दोन रात्रींचा. दोन कनू भाड्याने घेणार. काय न्यायचं, खायला किती न्यायचं, आणि शेवटी हे: "कनूत एवढी जागा असते, मग छोटा कुकर, घडीच्या खुर्च्या आणि कूलर न्यायला काय हरकत आहे?"

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

सतरा फुटी कनू दोन माणसं आणि शंभर किलो सामान घेऊनही शांतपणे तरंगते. पण अल्गॉन्क्विनमध्ये तुम्ही एकाच तळ्यात राहत नाही. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना मधली जमीन चालत ओलांडायची, कनू खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन. या वाटेला पोर्टाज म्हणतात. तिच्या तोंडाशी पिवळी पाटी असते आणि पाटीवर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. सगळं एका खेपेत नेता आलं नाही, तर तीच वाट तीनदा चालावी लागते: ओझं घेऊन जा, मोकळ्या हातांनी परत या, उरलेलं घेऊन पुन्हा जा. म्हणजे एक किलोमीटरचा पोर्टाज तीन किलोमीटरचा होतो. तिसरी खेप लागली की पाचाचा. बॉनफील्ड ते डिक्सन हा पार्कातला नावाजलेला पोर्टाज ५,३०५ मीटरचा आहे. दोन खेपांत तो जवळजवळ सोळा किलोमीटर पडतो. कूलर आणि खुर्च्या तिथे काय करतात, ते एकदा सोसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

म्हणून मी सामान आधी किलोत मोजत नाही, नगांत मोजते. चार माणसं, दोन खेपा, म्हणजे आठ नग. त्यातले दोन नग म्हणजे दोन कनू. उरले सहा. दोन पिंपं शिध्याची (पट्टे लावून पाठीवर घ्यायची निळी, प्लास्टिकची), तीन पाठपिशव्या सामानाच्या, आणि आठवा नग हलका: वल्ही, बादली, दोरी, एखादी छोटी सॅक. तो ज्याचा खांदा त्या दिवशी दुखत असेल त्याने घ्यायचा. हातात लोंबकळणारी एकही वस्तू नको. पाण्याची बाटली, चप्पल, कॅमेऱ्याची पिशवी अशी सुटी चिल्लर पोर्टाजवर विसरली जाते आणि अर्धा दिवस खाते. नववा नग निर्माण होतोय असं दिसलं, तर त्याला जागा शोधू नका, आतून काहीतरी काढा.

हा हिशेब जुनाच आहे. फरच्या व्यापारात कनू वल्हवणारे व्हॉयाजर मजूर ओझं असंच मोजत. त्यांच्या फ्रेंचमध्ये त्याला 'पिएस' म्हणत, म्हणजे नगच. एक नग नव्वद पौंडांचा, सुमारे एक्केचाळीस किलोचा, आणि असे दोन नग एका वेळी कपाळपट्ट्यावर पेलून ते पोर्टाज चालत. आपण त्यांच्या वाटेला जायचं नाही. तुमच्यासारख्यांना पहिल्या दिवशी अठरा ते बावीस किलोचा नग पुरे. सामान लटकवून मोजायचा छोटा वजनकाटा, विमानप्रवासाच्या बॅगांसाठी आपण सगळेच घेतो तो, घरी असेलच. प्रत्येक नग त्यावर लावा.

कनू मात्र हलकीच घ्या. केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या भाड्याच्या कनूचं वजन साधारण अठरा ते वीस किलो असतं, जुन्या ॲल्युमिनियमच्या सतरा फुटीचं चौतीसच्या आसपास. भाड्यात जो फरक पडतो तो या सहलीतला सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा. घेताना जू तपासा. कनूच्या मधल्या ज्या आडव्या लाकडावर तिचा भार तुमच्या खांद्यांवर येतो ते जू. कनू डोक्यावर घेऊन दुकानाच्या अंगणातच दोन मिनिटं उभे राहा. पुढून किंवा मागून खाली झुकत असेल तर तिथेच सांगून दुसरी मागा.

आता शिधा. याच्यावर जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यांत जड वस्तू हीच, आणि रोज कमी होणारी वस्तूही हीच.

माणशी दिवसाला कोरडा शिधा ७०० ते ७५० ग्रॅम धरा. पहिल्या दिवशीची न्याहारी घरची आणि शेवटच्या दिवशीचं जेवण परतीच्या रस्त्यावरचं, म्हणजे हिशेब साडेनऊ दिवसांचा. चौघांचे मिळून सत्तावीस-अठ्ठावीस किलो होतात. साठ लिटरचं एक पिंप आणि तीस लिटरचं एक, एवढ्यात हे बसतं. ओलं काही घेतलं की हा हिशेब मोडतो. बटाटे, कांदे, डबाबंद राजमा यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि पाण्याच्या देशात पाणी पाठीवरून वाहायचं नसतं.

सातशे ग्रॅममध्ये तीन हजारांच्या वर कॅलरी बसवायच्या तर स्निग्ध पदार्थ हवेतच. व्हॉयाजर वाळवलेला मका किंवा वाटाणे चरबीत शिजवून खात. वाळवलेलं बायसनचं मांस चरबीत मळून केलेलं पेमिकन महिनोन्‌महिने टिके. कोरडं धान्य आणि त्याला स्निग्धाची जोड, तत्त्व एवढंच. आपल्याकडे ते वरण-भात-तुपात आहे. माणशी रोज पस्तीस ग्रॅम तूप, म्हणजे चौघांना नऊ दिवसांचं सव्वा किलो. जास्त वाटेल. चौथ्या दिवशी, चार तास वल्हवून झाल्यावर, वाटणार नाही. तूप फ्रिजशिवाय टिकतं, पण जुलैत पातळ होतं. तेव्हा घट्ट फिरकीच्या झाकणाच्या दोन प्लास्टिकच्या बरण्यांत भरा आणि प्रत्येक बरणी वेगळ्या पिशवीत बांधा.

काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात नेता येत नाहीत. जाळता न येणाऱ्या, वापरून फेकायच्या खाण्यापिण्याच्या डब्या-बाटल्यांवर तिथे बंदी आहे. पुन्हा वापरायचे प्लास्टिकचे डबे चालतात. औषधं, इंधन, डासांचं मलम यांच्या बाटल्यांनाही सूट आहे. लोणच्याची काचेची बरणी मात्र घरीच राहील.

कुकरचं उत्तर इथेच देते. कुकर हवासा वाटतो तो तूरडाळीमुळे. तर डाळ घरीच शिजवा. हळद-हिंग घालून मऊ शिजवलेली डाळ घोटून, डीहायड्रेटरच्या, म्हणजे अन्न वाळवायच्या यंत्राच्या, ताटल्यांत कागदावर पातळ पसरून, साठ अंश सेल्सियसच्या आसपास आठ-दहा तास वाळवली की तिचे कुरकुरीत पापुद्रे होतात. मिक्सरवर फिरवून पूड करा. उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत घट्ट वरण तयार. वाळवताना त्यात तूप-तेल घालू नका, ते खवट होतं. फोडणी तिथे. मसूरडाळ आणि मुगाची डाळ कुकरशिवाय शिजतात, त्या थेट न्या. तांदळाऐवजी कणी घ्या. कण्यांचा भात लवकर होतो आणि इंधन वाचतं. अशा भातावर मेतकूट, तूप, मीठ घातलं की पावसाळी संध्याकाळ सावरते. मेतकूट हा कनूच्या शिध्यातला राजा आहे असं माझं ठाम मत आहे. शिजवावं लागत नाही, टिकतं, आणि आजारी पोटालाही चालतं.

फोडणीसाठी मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, वाळवलेला कढीपत्ता एकाच छोट्या डबीत मिसळून न्या. पाच डब्या उघडत बसायला वारा आणि डास वेळ देत नाहीत.

आमचा दिवस साधारण असा जातो. सकाळी घरून भाजून नेलेल्या रव्याचा उपमा किंवा पातळ पोह्यांचे दडपे. पोह्यांना चूल पेटवायचीच गरज नाही, आणि वारा पडलेला असताना लवकर पाण्यात उतरायचं असेल तेव्हा हीच गोष्ट कामाला येते. चहा मात्र हवा, दुधाची भुकटी आणि साखर आधीच मिसळून ठेवा. दुपारी स्टोव्ह काढायचा नाही. पहिले दोन दिवस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, त्यापुढे गूळपोळ्या, चिवडा, सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून. पोर्टाजच्या मध्यावर खायला डिंकाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, माणशी दोन, रोज. हे लाडू शिध्याच्या पिंपात गाडू नका, त्या-त्या दिवसाचे वरच्या छोट्या सॅकमध्ये. रात्री वरण-भात, मुगाची खिचडी, कुळथाचं पिठलं, थालीपिठं. भाजणी माणशी शंभर ग्रॅम धरा आणि थालीपिठं तीनदाच ठेवा, कारण त्यांना तेल, वेळ आणि मंद आच लागते. ती मुक्कामाच्या, म्हणजे न हलायच्या दिवशी करा.

आणि एक गोष्ट जरूर करून बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी काहीतरी ताजं, हिरवं, दाताखाली लागणारं हवंसं होतं. पावशेर मटकी किंवा मूग कोरडे न्या. संध्याकाळी गाळलेल्या पाण्यात भिजवा, सकाळी निथळून सुती फडक्यात बांधा, आणि ती पुरचुंडी डब्यात घालून कनूत सावलीला ठेवा. जुलैच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी मोड येतात. घनदाट जंगलात, मॅपल आणि पाइनखाली, गरम मटकीची उसळ. माझ्यासोबत आलेल्या प्रत्येकाच्या लक्षात ते जेवण राहिलं आहे. मोड आलेलं कडधान्य कच्चं खाऊ नका, नीट शिजवा.

मांसाहारी दोघांसाठी: सुकट-बोंबील नेऊ नका. चव कितीही आठवली तरी. तो वास पिंपाच्या रबरी कडेत बसतो आणि वर्षभर निघत नाही, आणि अल्गॉन्क्विनमध्ये काळी अस्वलं आहेत. फॉइलच्या पाकिटातला ट्यूना न्यायचा तर डब्यांच्या बंदीत ते पाकीट बसतं का, हे पार्काला आधी विचारा, आणि पाकीट धुऊन परत आणा.

भरताना दिवसवार भरा, पदार्थवार नाही. 'दिवस सहा, रात्र' अशी चिठ्ठी घातलेली एक कापडी पिशवी, तिच्यात त्या जेवणाचं सगळं मोजून. शेवटचे दिवस तळाशी, पहिले वर. असं केलं की तिसऱ्या रात्री कुणी सढळ हाताने तांदूळ ओतत नाही आणि आठव्या रात्री उपास घडत नाही. पाव किलो मीठ वेगळं न्या. मीठ विसरलेली सहल मी पाहिली आहे, फार वाईट गेली.

ही निळी पिंपं झाकणाच्या पत्र्याच्या कडीने बंद होतात, पाणी आत जात नाही, वासही बराच अडतो. पण ती अस्वलाला दाद देत नाहीत असं समजू नका. रात्री शिधा तंबूपासून लांब, झाडाला टांगायचा: जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर बाहेर. भरलेलं मोठं पिंप पहिल्या रात्री चढवायला दोघं लागतात, वीस मीटर जाडसर दोरी आणि एक छोटी कप्पी घ्या. फांदी उजेडात शोधा. टूथपेस्ट, सनस्क्रीन, खोबरेल तेल, खोकल्याच्या गोळ्या, वास येणारं सगळं त्याच पिंपात. तंबूत एक लाडूसुद्धा नको. अस्वल कदाचित दिसणारही नाही. खारी आणि उंदीर मात्र येतातच, आणि लाडवासाठी ते तंबू कुरतडतात.

स्टोव्ह एक, व्हाइट गॅसचा, म्हणजे स्टोव्हसाठीच्या शुद्ध पेट्रोलसारख्या द्रव इंधनाचा. इंधन माणशी दिवसाला साठ मिलिलिटर, एकूण सव्वादोन लिटरच्या आसपास. मुक्कामाच्या जागी दगडांची चूल असते, पण कोरड्या उन्हाळ्यात शेकोट्यांवर बंदी येते आणि पावसात लाकूड पेटत नाही, त्यामुळे चुलीवर विसंबून शिधा आखू नका. भांडी: तीन लिटरचं एक पातेलं, दीड लिटरचं एक, झाकण म्हणून चालेल असा तवा, एक डाव, एक सांडशी. सांडशी आपलीच न्या. परदेशी भांड्यांचे घडीचे दांडे भाताच्या वजनाने वाकतात.

पाणी तळ्यातलंच. टांगून गाळायची चार लिटरची पिशवी चौघांना उत्तम, कुणाला पंप मारत बसावं लागत नाही. ती बिघडली तर पाणी खळखळून एक मिनिट उकळा. तळ्याचं पाणी नितळ दिसतं, तरी त्यात जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो, आणि जुलाब लागलेल्या माणसाला पोर्टाज पार करवणं फार कठीण.

कपड्यांबद्दल थोडक्यात. माणशी दोन जोड: एक ओला, एक कोरडा. ओला जोड दिवसा, रोज तोच, सकाळी थंडगार असला तरी तोच चढवायचा. कोरडा जोड फक्त मुक्कामी, तंबूच्या आसपास. सकाळी मोह होतो, पण कोरडा जोड घालून कनूत बसलात की तुमच्याकडे कोरडं काहीच उरत नाही. सुती जीन्स आणि सुती टी-शर्ट नकोत, ते भिजले की ऊब देत नाहीत आणि दिवसभर वाळत नाहीत. लोकरीचा एक स्वेटर आणि टोपी जुलैतही हवी, रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात. बूट घोट्याच्या वर बांधायचे, भिजवायची तयारी ठेवूनच. कनूतून उतरताना पाण्यातच पाय टाकायचा असतो. कोरड्या दगडावर उडी मारताना घोटे मुरगळतात. कपडे फिकट रंगाचे घ्या, गडद रंगांवर माश्या जास्त बसतात. काळ्या माश्यांचा हंगाम मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत असतो, तुम्ही त्यातून वाचलात. डास मात्र संध्याकाळी असतील. डोक्यावरून घ्यायची जाळी काही ग्रॅमची असते, प्रत्येकाला एक.

निवाऱ्यात तंबूपेक्षा ताडपत्री महत्त्वाची. तीन बाय चार मीटरची हलकी नायलॉनची, कोपऱ्यांना दोऱ्या आधीच बांधलेल्या. सलग दोन दिवस पाऊस लागला की तिच्याखाली स्वयंपाक, पत्ते, गप्पा, सगळं होतं. खुर्च्यांची गरजही तिथेच भागते: लाइफजॅकेट खाली घ्या आणि झाडाला टेका.

सुरक्षेत काटकसर नाही. प्रत्येकाला अंगाला बसणारं लाइफजॅकेट, आणि ते अंगात, सीटखाली नाही. प्रत्येक कनूत पंधरा मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी. हे कॅनडाच्या कायद्यातच आहे. शिवाय दर कनूमागे एक जादा वल्हं. कागदी नकाशा दोन प्रती, वेगवेगळ्या कनूत, वर प्लास्टिक. आत फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या. रोजच्या गोळ्या कुणाच्या असतील तर पूर्ण दोन संच करा आणि दोन नगांत ठेवा.

ही वाटणी मी एका सप्टेंबरात शिकले. ओपिओंगो हे पार्कातलं सर्वांत मोठं तळं, आणि दुपारी तिथे वारा उठला की लाटा कनूच्या काठावरून आत येतात. आम्ही चौघं, दोन कनू, पण सोय म्हणून सगळा शिधा एकाच कनूत. एका पिंपाची कडी मी घाईत नीट दाबली नव्हती. तीच कनू काठापासून शंभरेक मीटरवर उलटली. माणसं लाइफजॅकेटमुळे सुखरूप राहिली, पण थंडीने कुडकुडत होती. पिंपात पाणी गेलं, भाजणी, रवा, दुधाची भुकटी, साखर यांचा एक लगदा झाला. पुढचे चार दिवस आम्ही दुसऱ्या पिंपावर काढले आणि दोन दिवस आधी परतलो. त्या दिवसापासून शिधा दोन कनूत, स्टोव्ह एकीत आणि काडेपेट्या दोन्हींत, आणि कडी लावल्यावर दुसऱ्या माणसाने ती ओढून पाहायची. मोठी तळी सकाळी नऊच्या आत ओलांडायची, काठाकाठाने.

कनू भरताना जड नग मध्ये आणि तळाशी, कनू सपाट किंवा मागे किंचित दबलेली. पुढून दबली तर वाऱ्यात वळवता येत नाही. पाठपिशव्यांच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर घाला, तोंड पीळ देऊन दुमडून बांधा. बाहेरून घालायच्या पावसाळी आवरणाचा उलटलेल्या कनूत काही उपयोग नाही.

जाण्याच्या तीन आठवडे आधी एका शनिवारी सगळं भरा, वजन करा, आणि आपापला नग घेऊन घराजवळच्या टेकडीच्या पायवाटेवर दोन किलोमीटर चाला. घरी येऊन पिशवी उपसा. 'कदाचित लागेल' म्हणून घेतलेल्या वस्तू त्या दिवशी आपोआप गळतात. औषधपेटी, दुरुस्तीचं सामान आणि पावसाळी कोट मात्र या गाळणीतून वगळा. ते न वापरता परत आले तरी पुढच्या वेळी पुन्हा न्यायचे.

सगळ्यांत शेवटी, लहान पिंपाच्या तळाशी एक लाल पिशवी. तिच्यात एका दिवसाची चौघांची जादा खिचडी, मीठ, हळद, शंभर ग्रॅम तूप आणि चहा. ही वारा अडवेल त्या दिवसासाठी. ती पिशवी तुम्ही आठव्या दिवसापर्यंत उघडली नसेल, तर नवव्या रात्री, टांगायचं ओझं उरलेलं नसताना, दुप्पट तूप घालून करा.